तीन कोटेशनं

टेबलावर तीन कोटेशनं,
उडू नयेत म्हणून वर शेंगाचटणीची बाटली.
हत्तुरे साहेब म्हणाले, चिल्वेरी मॅडम,
कुठला काउंटर घ्यायचा ते संध्याकाळपर्यंत सांगा.
बाहेर चिंचोळी एमआयडीसी, मे महिना, चव्वेचाळीस.

पहिल्याचं पत्रक बारा आकडे मिरवतं.
तळाला मुंगीच्या अक्षरात: तेवीस अंश, अधिक-उणे पाच.
हे ज्यानं लिहिलं त्यानं एकदा
आमच्या पत्र्याखाली जेवायला यावं.

तक्रार तशी छोटी.
आमचा दहा मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर
वीज आली की चार मिलिसेकंद बिचकतो
आणि मग जन्मभर शहाण्यासारखा वागतो.
जुना काउंटर सेकंदभर दार उघडं ठेवतो,
आत आलेली डोकी मोजतो,
म्हणतो, सगळं ठीक.
मिलिसेकंदातच दार लावलं
तर दहा हजार डोकी आत येतात,
एक उंबऱ्यावर राहतं,
आणि चौथ्या घरापुढे नुसता अंदाज.

मागावर हेच होतं.
मास्तर घड्याळ धरून मिनिटभर ठोके मोजायचा: एकशे साठ.
नवं पोर घाईचं. पाच सेकंद मोजायचं, बारानं गुणायचं.
ठोका एकच चुके, घोटाळा बाराचा.
नान्ना जॉबर. ते मोजायचेच नाहीत.
चौकटीवर तळहात ठेवून
एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंतची फट ऐकायचे.
लेक्का वद्दु, अम्मा.
हिशोब नको, मधलं बघ.

दुसरं कोटेशन मधलं बघतं.
ठोके नव्हे, वेळ मोजतं,
वीस पिकोसेकंदांची पट्टी लावून;
मिलिसेकंदात जवळपास आठ आकडे.
फक्त एक वाचन झालं की थांबून दम घेतं,
आणि आमचं लेकरू नेमकं त्या दमात बिचकलं तर?

तिसरं दम घेत नाही.
किंमत वाचून साहेबांनी चष्मा काढला,
पुसला, पुन्हा वाचली. तेवढीच होती.

पुण्याहून सहस्रबुद्धे फोनवर:
मॅडम, आतला भट्टीतला स्फटिकही घ्याच, आकडे अगदी खरे येतील.
मी विचारलं, तो वर्षाला किती म्हातारा होतो?
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.

लहानपणी गल्लीतली सगळी घड्याळं
गिरणीच्या भोंग्यावर लावलेली.
एकदा भोंगाच तीन मिनिटं उशिरा झाला.
त्या दिवशी कुणाचंच घड्याळ चुकलं नाही.

पण बिचकणं पकडायला
खरी वेळ कुठे लागते?
आधी आणि नंतर यांत फरक किती, एवढंच.
खरी वेळ लागते दाखल्याच्या कागदावर सही करताना.
तर मी लिहिलं:
तिसरा घ्यावा, महागड्या भट्टीशिवाय.
वेळ वरून आणू, उपग्रहाकडून;
छपरावर पाण्याच्या टाकीशेजारी
अँटेनापुरती जागा आहे, रेहानानं पाहून ठेवली आहे.
नमुन्याचं यंत्र परत न्यायच्या आधी
एकदा जोडून बघू द्यावं.

जोडलं.
वीज दिली, आणि पडद्यावर रेघ
एकदम खाली गेली, हेलकावली, सावरली.
चार नाही, साडेतीन मिलिसेकंद.
रेहाना हळूच म्हणाली, अय्यो.
साहेब काही बोलले नाहीत,
कोटेशनवरची चटणीची बाटली
उचलून बाजूला ठेवली.

रात्री नान्नांना मोबाईलवर फोटो दाखवला.
कान मागांनी कधीच नेलेत,
मोठ्यानं सांगून उपयोग नाही.
त्यांनी बोटानं रेघ गिरवली,
खाली, हेलकावा, वर.
खळग्यापाशी बोट थांबलं.
पट्टा सैल असेल, म्हणाले.

उद्या रेग्युलेटर बघते.